तांबट लेनमधल्या खोलीसाठी कॅमेरा

"ताई, मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दोन वर्षं भिशी लावून ४० हजार जमवलेत, त्यातून पहिला डीएसएलआर घ्यायचाय. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपायचे आहेत, मावसबहिणीचं लग्नही आहे. आणि माझे आजोबा. ते जुन्या नाशकात तांबट लेनला अजून भांडी मठारतात. वय ७८. खोलीला एक दार, आत एक दिवा. सकाळी दारातून ऊन येतं तेव्हा ते हंडा मांडीशी धरून बसलेले असतात आणि ठोक्यागणिक तांब्यावर एकेक टिकली उमटत जाते. आता हात थरथरतो. पावसाळा झाला की काम बंद करणार म्हणतात. मोबाइलवर फोटो काढले तर हात पुसट येतात आणि चेहरा मेणाचा केल्यासारखा दिसतो. एका दुकानदाराने कॅननच्या १५००डीचा सेट दाखवलाय : दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, वरचे पैसे बिनव्याजी हप्त्याने. २ हजार देऊन पावती घेऊन आलेय. बाबा म्हणतात, हातात मोबाइल असताना हे खूळ कशाला. मित्र म्हणतो, डीएसएलआरचे दिवस संपले, मिररलेस घे. काय करू? मला 'तू' म्हटलंत तरी चालेल."

पत्र जागेसाठी कापून छापलंय. मूळ पत्रात पक्ष्यांना एक ओळ होती, लग्नाला अर्धी, आणि आजोबांच्या खोलीला दीड पान. कॅमेरा कशासाठी हवाय ते तूच लिहून दिलंयस. म्हणून मी त्या खोलीसाठीच कॅमेरा सुचवणार आहे. तिन्ही कामं नीट करणारा संच ४० हजारांत बसत नाही. तिन्हीला थोडं थोडं पुरवायला गेलीस, तर नेमकी तीच खोली राहून जाईल.

आधी दुकानदाराचा सेट. त्यातल्या दोन लेन्स म्हणजे बहुधा १८-५५ आणि ५५-२५०. हे मिलिमीटरचे आकडे. लहान आकड्याला दृश्य रुंद मिळतं, मोठ्या आकड्याला लांबचं जवळ येतं. दुकानात बोलणं याच आकड्यांवर होतं. पण लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, १:३.५-५.६ असा. तुझं सगळं काम त्या आकड्यावर अडलंय. तो लेन्सच्या छिद्राचा आकडा. आकडा लहान तितकं छिद्र मोठं, आणि उजेड वर्गाच्या हिशेबाने वाढतो.

तू रोज मापं घेणारी, म्हणून गणितच मांडते. १८-५५ लेन्स ३५ मिलिमीटरवर आणलीस की तिचं सर्वांत मोठं छिद्र साधारण ४.५ असतं. ३५ मिलिमीटरचीच, झूम नसलेली, १.८ छिद्राची लेन्स मिळते. ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग सव्वासहा. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, सहापटीहून जास्त उजेड आत येतो. समज, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ठेवून सेटमधली लेन्स फोटोसाठी तुला सेकंदाचा विसावा भाग मागते. १.८ वाली तिथेच सेकंदाच्या १/१२५ वर काम करते. १/२० ला आजोबांचा थरथरणारा हात पुसट येणारच. १/१२५ ला हात हातासारखा येईल, नखातली काजळी दिसेल.

दुकानदार म्हणेल, लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे. असतो, आणि तो खरंच उपयोगी असतो. पण तो तुझा हात हलला तर सावरतो. समोरच्याचा हात हलला तर त्याला काही करता येत नाही. ट्रायपॉडचंही तेच. ही एक गोष्ट कळायला मला पहिल्या कॅमेऱ्यानंतर वर्ष लागलं, आणि त्या वर्षातले घरातले किती तरी फोटो हललेले निघाले. त्यातले काही लोक आता नाहीत.

१५००डीबद्दल आणखी एक. या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) फ्लॅश बसवायच्या जागेतला मधला संपर्कबिंदू कंपनीने काढून टाकलाय. त्यामुळे त्या बिंदूवर चालणारे बाजारातले साधे, स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारी उपकरणं) तिच्यावर पेटत नाहीत. हे दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही. बॉडी वाईट नाही, २४ मेगापिक्सेल आहे, दिवसाउजेडी छान काम करते. पण हप्ते भरून घ्यावी अशी ती तुझ्यासाठी नाही. आणि बिनव्याजी हप्त्यात प्रोसेसिंगचे पैसे किती आणि रोखीची सूट किती बुडते, हे एकदा कागदावर मांडून बघ.

तुझा मित्र म्हणतो त्यात तथ्य आहे. मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळं नवं संशोधन मिररलेसकडे गेलंय. तू फोटोग्राफीचा धंदा मांडणार असतीस तर मीही तेच सांगितलं असतं. पण नवी मिररलेस बॉडी आणि सोबत मोठ्या छिद्राची लेन्स ४० हजारांत बसवणं कठीण आहे. उलट लोक मिररलेसकडे वळताहेत म्हणूनच चांगले डीएसएलआर हाताळलेल्या मालात येताहेत. आरसा असो नसो, आतला सेन्सर (उजेड टिपणारा भाग) तेवढाच मोठा असतो आणि आजोबांच्या चेहऱ्यावरचा उजेडही तोच.

तेव्हा सेकंडहँड घे. आणि या वेळी निकॉन घे. मी कुठल्या एका कंपनीची भक्त नाही, कारण साधं आहे : निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी. ही २०० ग्रॅमची छोटी लेन्स महागड्या बॉडींपेक्षा छोट्या सेन्सरच्या, म्हणजे 'डीएक्स' बॉडींसाठीच केलेली आहे आणि डोळ्याला दिसतं त्याच्या जवळपासचं दृश्य देते. कॅननची ५० एमएम १.८ ही स्वस्त आणि गुणी लेन्स आहे, पण कॅननच्या छोट्या सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते. त्या खोलीत तुला भिंतीला पाठ टेकवूनही आजोबा, हंडा आणि दार एका चौकटीत घेता येणार नाहीत.

लेन्सवर 'एएफ-एस' ही अक्षरं आहेत ना, ते डोळ्यांनी बघून घे. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. नुसतं 'एएफ' लिहिलेली जुनी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीस, तर या बॉडींवर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. पुढे कधी मिररलेसकडे गेलीसच, तर एएफ-एस लेन्स निकॉनच्या मिररलेसवर कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरने (जोडणीच्या कड्याने) ऑटोफोकससह चालते. म्हणजे लेन्सचे पैसे वाया जात नाहीत.

बॉडी डी५३०० बघ, किंवा डी५६००. दोन्ही २४ मेगापिक्सेलच्या, मागचा पडदा उघडून वळवता येतो. आजोबा जमिनीवर बसतात, तुला कॅमेरा त्यांच्या मांडीच्या उंचीला धरावा लागेल, तेव्हा तो पडदा कामाला येईल. डी३५०० ही चालेल. ती आणखी हलकी, पण तिचा पडदा वळत नाही. डी७२०० बजेटात मिळाली तर बिनधास्त घे : तिचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मोठा आणि उजळ आहे, अंधाऱ्या जागेत डोळ्याला फरक लगेच कळतो. बॉडीला २५ हजारांच्या वर जाऊ नकोस, लेन्सला १० च्या वर नको. उरलेल्यातून कार्ड, जास्तीची एक बॅटरी, हवेचा ब्लोअर. आणि ३ हजार प्रिंटसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही.

माल बघायला दिवसा जा. संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटू म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हण. सोबत आपलं कोरं कार्ड आणि बॅटरी असलेला टॉर्च ने. आधी बॉडीखालचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळव. जुळत नसेल, किंवा बिलच नसेल, तर बोलणं तिथेच थांबव. मग लेन्स काढून धर, मागून टॉर्चचा उजेड तिरका टाक आणि पुढून आत बघ. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे पांढरे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मग कितीही स्वस्त असो, नको.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझी पहिली सेकंडहँड लेन्स मी ऐन जुलैत, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात घेतली. विकणाऱ्याने ती वर्षानुवर्षं चामड्याच्या पिशवीत ठेवलेली होती. घरी आणून खिडकीशी धरली तेव्हा आतल्या काचेच्या कडेने धागे पसरलेले दिसले. तोवर पैसे देऊन झाले होते आणि तो फोन उचलत नव्हता. साफ करायला जो खर्च सांगितला, त्यात दुसरी लेन्स आली असती.

लेन्स झाली की बॉडी. छिद्र २२ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढ आणि मोठा करून बघ. काळे डाग दिसतील, ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते. ओरखडा मात्र जात नाही, म्हणून ब्लोअरने हवा मारून पुन्हा एक फोटो काढ. मग टेबलावर चार बाटल्या तिरक्या रांगेत ठेवून दुसरीच्या लेबलावर फोकस कर आणि छिद्र १.८ ला फोटो घे. दुसरीचं लेबल स्पष्ट आणि पहिली-तिसरी पुसट असायला हवी. भलतीच बाटली स्पष्ट आली तर फोकस सरकलेला आहे. शेवटी तुझ्या कार्डावरची मूळ जेपीजी फाइल कॉम्प्युटरवर घेऊन शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, बघ. निकॉन हा आकडा फाइलमध्येच लिहून ठेवतो, फक्त फाइल व्हॉट्सॅपवरून आलेली नसावी. डी५३०० चं शटर १ लाखाची चाचणी पार केलेलं असतं, डी७२०० चं दीड लाखाची. त्यानंतर ते बंदच पडतं असं नाही, पण २०-३० हजारांवरची बॉडी मिळत असताना ९० हजारांवरची कशाला घ्यायची?

म्हणूनच लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडून घेताना जपून. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. लग्नसराई संपून आषाढ लागला की बरेच जण आपले जुने डीएसएलआर काढायला बघतात. माल भरपूर असतो, पण थकलेला. हौसेने घेऊन चार सहलींनंतर कपाटात गेलेला कॅमेरा तुझ्या कामाचा. ऑफिसात, सोसायटीत, कॉलेजच्या मैत्रिणींत शब्द टाकून ठेव. असे कॅमेरे नाशकात पुष्कळ घरांत पडून आहेत. नाहीच मिळाला तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येता येतं. सीएसएमटीला उतरलं की बोरा बाजार पायी जाण्याइतका जवळ आहे, कॅमेऱ्यांची कित्येक दुकानं एका गल्लीत. रविवारी नको, फोर्टातली बहुतेक दुकानं बंद असतात. आणि दुकानातून सेकंडहँड घेताना निदान महिनाभराची लेखी हमी माग.

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कारण दिवसाउजेडी आणि मोबाइलच्या पडद्यावर ते म्हणतात ते जवळपास खरंच आहे. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा, त्याला अंधारात उजेड पुरत नाही. मग तो पटापट पाच-सात फोटो काढून एकत्र शिवतो आणि कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे पुसून काढतो. त्या शिवण्यात हलणारे हात पुसट होतात, आणि पुसण्यात सुरकुत्या जातात. तुला दिसलेला मेणाचा चेहरा तो हाच. तुला सुचवलेल्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो, कितीतरी पट मोठा. हे बाबांना समजावून सांगायची गरज नाही. मोबाइलवरचा एक फोटो आणि नव्या कॅमेऱ्यावरचा एक, दोन्ही १२ बाय १८ इंचांत प्रिंट करून घरात शेजारी शेजारी ठेव. त्यांच्या वडिलांचा चेहरा आहे, ते बघतीलच.

त्या खोलीत गेल्यावर फ्लॅश बंद. मठारलेला हंडा म्हणजे शेकडो छोटे आरसे, फ्लॅशचा एकेक ठिपका प्रत्येकात चमकेल आणि तांब्याचा रंगच मरेल. मोड 'ए' (छिद्र तू ठरवतेस, वेग कॅमेरा) ठेव, छिद्र २ किंवा २.२ (एकदम १.८ ला फोकस चुकायला जागा फार कमी राहते), ऑटो आयएसओ चालू करून त्यात शटरचा किमान वेग १/१२५ भर. आयएसओ ३२०० गेला, ६४०० गेला तरी घाबरू नकोस. थोडे दाणे आलेला स्पष्ट हात हा स्वच्छ पण हललेल्या हातापेक्षा लाखपटीने बरा. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन-तृतीयांश स्टॉप, म्हणजे थोडं, खाली ठेव, म्हणजे तांब्यावरची चमक पांढरी फुटणार नाही. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात) घे, कारण दाराचं ऊन आणि दिव्याचा पिवळा उजेड एकत्र आले की रंग नंतर सावरावे लागतात.

हातोडी धावत असताना १/१२५ लाही थोडी पुसट येईल, येऊ दे, ठोका दिसतो त्यात. पण हातोडी वर गेली की खाली येण्याआधी क्षणभर थांबते. दहा-बारा ठोके नुसते ऐक, आजोबांची लय तुझ्या कानात बसेल, आणि तुझं बोट आपोआप त्या थांबण्यावर दाबलं जाईल. त्या वेळी त्यांची नजर पुढचा ठोका पडणार त्या जागेवर असते. तो चेहरा मिळव. आणि दाराकडे पाठ करून उभी राहू नकोस, उजेड अडेल. दार तुझ्या डाव्या किंवा उजव्या हाताला असू दे.

व्हिडिओही घे, पाच मिनिटं का होईना. त्या लेनमध्ये पूर्वी एकाच वेळी किती हातोड्या चालायच्या ते आजोबांनाच विचार आणि त्यांचं बोलणं त्यात येऊ दे. कोणत्या भांड्याला कुठून ठोका सुरू करायचा, पत्रा तापवायचा कधी, हे त्यांच्या हातात आहे. घरात ते कोणी लिहून ठेवलं असेल असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

तिथे धातूचा बारीक कीस आणि काजळी उडत असणार, म्हणून आत लेन्स बदलू नकोस. बदलायचीच झाली तर रस्त्यावर ये आणि बॉडीचं तोंड खाली धरून बदल. घरी कॅमेरा कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवायचा नाही. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट लेन्सला फार वाईट. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घे, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल टाक. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करून पुन्हा वापर. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून चालव.

लग्नाची जबाबदारी घेऊ नकोस. तिथे फोटोग्राफर ठरलेला असेल, तू करवली म्हणून मिरव. ३५ एमएम गळ्यात असली तर मेंदीचे हात सुंदर येतील, तेवढं पुरे. नांदूरमध्यमेश्वरला या हिवाळ्यात आधी दुर्बीण घेऊन जा. ३५ एमएमवर बगळा तांदळाच्या दाण्याएवढा दिसेल आणि तुझी निराशा होईल. पक्षी ओळखायला लागलीस की पुढच्या भिशीतून ७०-३०० घे. त्यातली 'एएफ-पी' जात घेशील तर बॉडीशी जुळते का ते आधी तपास, डी३१०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडींवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही, आणि डी५३०० ला फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्यावं लागतं.

राहिले ते २ हजार. पावती घेऊन आज संध्याकाळीच दुकानात जा आणि सेट नको म्हणून स्वच्छ सांग. उद्यावर टाकलंस तर दुकानदार माल मागवला म्हणून सांगेल. रोख परत देत नसेल तर भांडत बसू नकोस. त्या रकमेत ६४ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड, ब्लोअर आणि सिलिका जेल माग, हे तुला कुठल्याही कॅमेऱ्याला लागणारच आहे. बॉडी मिळायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर या रविवारी तांबट लेनला जाऊन नुसती बस. ऊन दारातून किती वाजता आत येतं, आजोबांच्या हातांपर्यंत कधी पोचतं आणि किती मिनिटं तिथे राहतं, ते घड्याळ लावून वहीत लिहून ठेव.